अनेक शब्दांची एकाच वाचनात दुरुस्ती

शाळेच्या दप्तरात दरवर्षी काही शब्द बदलावे लागतात. इयत्ता बदलतात, तुकड्या बदलतात, कधी गावांची व जिल्ह्यांची नावे बदलतात. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. दप्तर कागदावर होते तोवर असा बदल लेखणीने एकेका ओळीत करावा लागे. आता बऱ्याच याद्या संगणकावर आहेत आणि ‘शोधा व बदला’ ही सोय प्रत्येक लेखनसाधनात असते. परंतु यादी हजारो ओळींची आणि बदलावयाचे शब्द पाचपन्नास असले, म्हणजे ही सोय अपुरी पडते. एवढेच नव्हे, तर अपाय करू शकते. अशा वेळी आज्ञावलीचा, म्हणजे ज्याला संगणकाच्या व्यवहारात स्क्रिप्ट म्हणतात त्याचा, उपयोग करावा लागतो. ती आज्ञावली शिक्षकाने स्वतः लिहावी किंवा जाणकाराकडून लिहून घ्यावी. परंतु तिची रीत शिक्षकास अवगत असणे अगत्याचे आहे. कारण यादीतील प्रत्येक ओळ एका मुलाची असते, आणि ती बिघडली तर शिष्यवृत्तीच्या अर्जापासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत त्या मुलास अडचण सोसावी लागते.

एका शब्दामागे एक फेरी

सामान्यतः मनुष्य एक शब्द घेतो, तो सर्व फाइलभर बदलतो, मग दुसरा घेतो. या रीतीने चाळीस शब्द बदलावयाचे असले, तर संगणकास संपूर्ण फाइल चाळीस वेळा वाचावी लागते. समजा, जिल्ह्याच्या यादीत एक लक्ष विद्यार्थी असून दर विद्यार्थ्यास एक ओळ आहे. तर चाळीस शब्दांसाठी चाळीस लक्ष ओळींचे वाचन होते. शब्द चारशे झाले की वाचन चार कोटी ओळींवर जाते.

शिक्षक वह्या तपासतो तेव्हा असे करीत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी एकदा, अनुस्वारासाठी पुन्हा एकदा व विरामचिन्हांसाठी तिसऱ्यांदा तीच वही तो वाचत नाही. सर्व प्रकारच्या चुका ध्यानात ठेवून तो वही एकदाच वाचतो आणि जेथे जी चूक दिसेल तेथे ती दुरुस्त करतो. आज्ञावलीनेही हेच करावयाचे असते.

क्रमामुळे होणारा घोटाळा

एकामागून एक बदल करण्यात वेळ जातो हा लहान दोष होय. मोठा दोष असा, की आधी केलेला बदल पुढच्या बदलाच्या तावडीत सापडतो.

वर्षअखेरीस सर्व मुले पुढच्या इयत्तेत चढवावयाची आहेत असे समजावे. पहिल्याने ‘पहिली’च्या जागी ‘दुसरी’ केले; मग ‘दुसरी’च्या जागी ‘तिसरी’, ‘तिसरी’च्या जागी ‘चौथी’ व ‘चौथी’च्या जागी ‘पाचवी’ केले. आता यादी पाहिली तर शाळेतील सर्व मुले पाचवीत बसलेली आढळतील. पहिलीचे मूल पहिल्या फेरीत दुसरीत गेले, दुसऱ्या फेरीत तिसरीत, आणि असेच पुढे सरकत राहिले. येथे क्रम उलटा केला, म्हणजे चौथीपासून आरंभ केला, तर काम साधते.

परंतु प्रत्येक ठिकाणी क्रम उलटून भागत नाही. ‘अ’ तुकडीची मुले ‘ब’ मध्ये व ‘ब’ ची ‘अ’ मध्ये न्यावयाची असतील, तर कोणताही क्रम घेतला तरी सर्व मुले एकाच तुकडीत जमा होतात. दोन भांड्यांतील दूध व ताक यांची अदलाबदल करण्यास तिसरे भांडे लागते, त्याप्रमाणे येथेही मध्ये एखादे तात्पुरते चिन्ह योजावे लागते. असे चिन्ह मूळ मजकुरात कोठेही नाही याची खात्री मात्र करून घ्यावी लागते.

एकाच वाचनात सर्व बदल केले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. आज्ञावली ओळीत पुढे पुढे जाते. ‘पहिली’ आढळताच नव्या फाइलीत ‘दुसरी’ लिहिते आणि मूळ ओळीत त्या शब्दाच्या पलीकडे सरकते. स्वतः लिहिलेला ‘दुसरी’ हा शब्द ती पुन्हा वाचत नाही. म्हणून साखळी लागत नाही व अदलाबदलही बिनचूक होते.

बदलांची सारणी

या रीतीसाठी प्रथम दोन स्तंभांची एक सारणी तयार करावी. डाव्या स्तंभात जुना शब्द, उजव्या स्तंभात नवा शब्द. ही सारणी आज्ञावलीच्या बाहेर, स्वतंत्र फाइलीत ठेवणे सोयीचे असते. कारण मग आज्ञावली न जाणणारा सहकारीही ती तपासू शकतो.

यानंतर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग शब्दकोशाचा. आज्ञावली प्रत्येक ओळीचे सुटे शब्द करते व प्रत्येक शब्द सारणीत आहे काय ते पाहते. संगणकातील अशी सारणी पहिल्या पानापासून चाळावी लागत नाही; शब्दावरूनच त्याची जागा काढता येते. म्हणून सारणीत दहा शब्द असोत की दहा हजार, एका शब्दाच्या शोधास लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहतो. जेथे सुटे व पूर्ण शब्दच बदलावयाचे असतात, तेथे हा मार्ग सर्वांत सोपा होय.

दुसरा मार्ग, सर्व जुन्या शब्दांचा ‘हा किंवा हा किंवा हा’ असा एक संयुक्त नमुना बनविण्याचा. पायथॉन, पर्ल इत्यादी आज्ञाभाषांत ही सोय आहे. ज्या ठिकाणी नमुना जुळेल तेथे सापडलेला शब्द सारणीत पाहून त्याचा प्रतिशब्द लिहिला जातो. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो : लांब शब्द आधी, आखूड शब्द नंतर. या भाषा पर्याय डावीकडून उजवीकडे तपासतात व जो पहिल्याने जुळेल तोच स्वीकारतात. ‘औरंगाबादेत’ याचे ‘छत्रपती संभाजीनगरात’ व ‘औरंगाबाद’ याचे ‘छत्रपती संभाजीनगर’ करावयाचे असून आखूड शब्द आधी ठेवला, तर ‘औरंगाबादेत’ मधील ‘औरंगाबाद’ एवढाच भाग जुळतो आणि ‘छत्रपती संभाजीनगरेत’ असे विचित्र रूप तयार होते.

अक्षरांचा वृक्ष

शब्द हजारांच्या संख्येने असले, म्हणजे संयुक्त नमुनाही मंदावतो. कारण मजकुरातील प्रत्येक जागी तो एकेक पर्याय लावून पाहतो. याचा उपाय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड एहो व मार्गारेट कोरासिक या दोघांनी शोधून १९७५ साली प्रसिद्ध केला. ग्रंथालयातील ग्रंथसूचींत एकाच वेळी अनेक शब्द शोधण्याचे काम त्यांच्यापुढे होते, आणि या रीतीने त्या शोधाचा वेग पाच ते दहा पट वाढला असे त्यांनी नमूद केले आहे.

त्यांची रीत थोडक्यात अशी. सर्व शोधशब्दांचा एक वृक्ष करावयाचा. ज्यांचा आरंभ समान ते शब्द एकाच फांदीवर राहतात व जेथे अक्षर वेगळे होते तेथे फांदी फुटते. मजकुराचे एकेक अक्षर वाचीत या वृक्षावर चढत जावयाचे. पुढचे अक्षर फांदीवर नसले तर मजकुरात मागे परतावयाचे नाही. आतापर्यंत वाचलेल्या अक्षरांच्या शेवटच्या भागापासून दुसरा एखादा शोधशब्द सुरू होतो काय, याची खूण वृक्षावर आधीच केलेली असते. उदाहरणार्थ, ‘रामनगरी’ व ‘नगरपालिका’ हे दोन शोधशब्द आहेत आणि मजकुरात ‘रामनगरपालिका’ असे आहे. ‘रामनगर’ पर्यंत पहिला शब्द जुळत येतो व पुढे ‘पा’ येताच तुटतो. परंतु वाचलेल्या भागातील ‘नगर’ हा दुसऱ्या शब्दाचा आरंभ होय. म्हणून वाचक सरळ दुसऱ्या फांदीवर जातो व ‘पालिका’ वाचून शोध पूर्ण करतो. मजकुराचे प्रत्येक अक्षर एकदाच वाचले जाते. शब्दांची संख्या वाढली म्हणून मजकूर पुन्हा वाचावा लागत नाही. वृक्ष उभारण्यास थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच. पायथॉनसाठी या रीतीची तयार साधने उपलब्ध आहेत, आणि पर्लमध्ये २००७ सालच्या आवृत्तीपासून संयुक्त नमुन्याचा असा वृक्ष आपोआप केला जातो.

देवनागरीतील विशेष अडचणी

वरील रीती मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडल्या. देवनागरीत त्या वापरताना तीन गोष्टींकडे लक्ष पुरवावे लागते.

(१) अक्षर व चिन्ह यांतील भेद. ‘औरंगाबाद’ या शब्दात आपल्या डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. संगणकास अनुस्वार व काने धरून आठ चिन्हे दिसतात. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत प्रत्येक चिन्हास तीन बाइट याप्रमाणे चोवीस बाइट लागतात. म्हणून मजकुराचे तुकडे बाइट मोजून करू नयेत. चिन्हाच्या मध्येच काप बसतो.

(२) शब्दाची सीमा. इंग्रजीत ‘पूर्ण शब्दच शोधा’ अशी खूण असते. पायथॉनच्या नेहमीच्या साधनात मात्र काना, वेलांटी, मात्रा यांना अक्षर मानले जात नाही. परिणामी काना किंवा वेलांटी आली की शब्द तेथेच संपला असे ते साधन समजते. ‘नगर’च्या जागी ‘अहिल्यानगर’ करावे व पूर्ण शब्दच घ्यावा अशी आज्ञा दिली, तर ‘उल्हासनगर’ सुरक्षित राहते; कारण तेथे ‘न’ च्या मागे ‘स’ हे अक्षर आहे. परंतु ‘संभाजीनगर’ या शब्दात ‘न’ च्या मागे वेलांटी असल्यामुळे ‘नगर’ हा वेगळा शब्द ठरतो आणि ‘संभाजीअहिल्यानगर’ असे होऊन बसते. ‘नगराध्यक्ष’ याचेही ‘अहिल्यानगराध्यक्ष’ होते. यासाठी तयार खुणेवर विसंबून न राहता, शोधशब्दाच्या मागेपुढे देवनागरीचे कोणतेही चिन्ह नसावे असे आज्ञेत स्पष्ट सांगावे.

(३) दिसण्यात एक, लिहिण्यात अनेक. ‘दुसऱ्या’ यातील अर्धा र संगणकात एकापेक्षा अधिक प्रकारांनी साठविला जातो : कोठे ऱ या स्वतंत्र चिन्हास हलन्त जोडून, तर कोठे साध्या र ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲ’ हे अक्षरही कोणी एकाच चिन्हाने लिहितो, तर कोणी ‘अ’ वर चंद्र देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधात एक सापडते व दुसरे निसटते. म्हणून मुख्य कामापूर्वी सर्व मजकूर व सारणीही एकाच पद्धतीत आणावी. जुन्या संगणकीय टंकांत लिहिलेला मजकूर असेल तर प्रथम तो युनिकोडमध्ये न्यावा. तेथे चिन्हाला चिन्ह देऊन काम संपत नाही. त्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठविलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफारही याचप्रमाणे हलवावा लागतो.

प्रत्यय आणि आडनावे

मराठीत गावाचे नाव क्वचितच एकटे येते. ‘अहमदनगरला’, ‘अहमदनगरहून’, ‘अहमदनगरच्या’ अशी त्याची रूपे असतात. केवळ पूर्ण शब्द शोधला तर ही रूपे तशीच राहतात. आणि अंशतः शब्द शोधण्याची मोकळीक दिली तर ‘नगरकर’ व ‘औरंगाबादकर’ या आडनावांवर घाला येतो. एखाद्या मुलीचे आडनाव एका रात्रीत ‘छत्रपती संभाजीनगरकर’ झाले, तर तिच्या आधारपत्रावरील व शाळेतील नाव जुळेनासे होते. ही चूक तिने केलेली नसते, पण कार्यालयांच्या पायऱ्या मात्र तिच्या पालकांना चढाव्या लागतात.

यावर उपाय असा, की ‘ला, चा, ची, चे, च्या, हून, मध्ये’ असे जे प्रत्यय चालावयाचे त्यांची निश्चित यादी द्यावी व त्यांच्यापुढे शब्द संपलाच पाहिजे अशी अट घालावी. ‘कर’ या यादीत घेऊ नये. याहूनही चांगले हे, की ज्या यादीत स्तंभ आहेत तेथे बदल फक्त जिल्ह्याच्या व पत्त्याच्या स्तंभापुरता मर्यादित ठेवावा; नावाच्या स्तंभास आज्ञावलीने स्पर्शच करू नये.

पत्त्याच्या स्तंभातही विवेक लागतो. बिहार राज्यातही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबातील मुलाचे मूळ गाव तेथील असू शकते. अशा ओळी राज्याच्या स्तंभावरून वेगळ्या काढाव्यात. तसेच, जन्मस्थळाच्या ज्या नोंदी जुन्या दाखल्यांवरून उतरून घेतलेल्या आहेत, त्या केवळ नाव बदलले म्हणून परस्पर बदलू नयेत. वरिष्ठ कार्यालयाचा लेखी आदेश असेल तेवढेच स्तंभ बदलावेत.

काही शब्द सारणीत ‘जसेच्या तसे’ म्हणूनही घालावे लागतात. यादीत कोणी आधीच ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहिले आहे, कोणी नुसते ‘संभाजीनगर’. नुसत्या नावाआधी ‘छत्रपती’ जोडण्याची आज्ञा दिली तर पहिल्या ठिकाणी ‘छत्रपती छत्रपती’ असे होते. म्हणून पूर्ण नाव हे लांब शब्द या नात्याने सारणीत आधी ठेवावे व त्याचा प्रतिशब्द तेच नाव द्यावा. मग आज्ञावली दोनदा चालली तरी बिघाड होत नाही.

जे परत मिळत नाही

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या पाठ्यपुस्तकाचा मजकूर नव्या लेखनात आणताना ‘गांव’चे ‘गाव’, ‘पांच’चे ‘पाच’, ‘नाहीं’चे ‘नाही’ अशी मोठी सारणी लागते. त्यात ‘नांव’चे ‘नाव’ हाही बदल येतो. जुन्या लेखनात ‘नांव’ म्हणजे नाम व ‘नाव’ म्हणजे होडी असा भेद होता. बदल झाल्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात, आणि मग सारणी उलटी फिरवून मूळ मजकूर परत मिळविता येत नाही. होडीलाही अनुस्वार लागतो. जेव्हा दोन जुन्या शब्दांस एकच नवा शब्द मिळतो, तेव्हा मागे फिरण्याची वाट बंद होते. ‘चुकले तर पुन्हा उलटे करू’ हा भरवसा म्हणूनच धोक्याचा आहे. मूळ फाइलीची प्रत जपून ठेवणे हाच खरा उपाय होय.

मोठ्या फाइलीची हाताळणी

लहान फाइल संगणक एकदम स्मृतीत घेऊ शकतो. शाळेतील जुन्या संगणकावर मोठी फाइल तशी उघडली तर तो अडखळतो. आज्ञावलीने एक ओळ वाचावी, दुरुस्त करावी, नव्या फाइलीत लिहावी व पुढची ओळ घ्यावी. अशा रीतीने फाइल कितीही मोठी असली तरी स्मृतीत एका वेळी एकच ओळ राहते. बेल प्रयोगशाळेत ली मॅकमॅहन यांनी १९७०-८० या दशकात रचलेले सेड हे साधन याच तत्त्वावर चालते. सेडमध्ये अनेक आज्ञा दिल्या तर फाइल एकदाच वाचली जाते हे खरे. परंतु प्रत्येक ओळीवर त्या आज्ञा एकामागून एक लागू होतात. म्हणून इयत्तांचा वर सांगितलेला घोटाळा तेथेही संभवतो.

शोधावयाचे नाव दोन ओळींत विभागलेले असेल, तर ओळीओळीने वाचताना ते निसटते. यासाठी नावे एका ओळीत आहेत याची आधी पाहणी करावी.

कामाचा क्रम

प्रत्यक्ष काम पुढील क्रमाने करावे :

(१) मूळ फाइलीची प्रत करून ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी.
(२) सारणी दोघांनी मिळून वाचावी. एकाच जुन्या शब्दास दोन नवे शब्द दिलेले नाहीत हे पाहावे.
(३) निवडक वीस-पंचवीस ओळींवर आज्ञावली चालवावी. त्यांत आडनावे, प्रत्यययुक्त रूपे व परराज्यातील पत्ते मुद्दाम घालावेत.
(४) संपूर्ण फाइलीवर चालविताना मूळ फाइलीवर न लिहिता नवी फाइल करावी. मध्येच वीज गेली तरी मूळ फाइल शाबूत राहते.
(५) कोणता शब्द किती वेळा बदलला याची मोजणी आज्ञावलीकडून घ्यावी. जो शब्द एकदाही बदलला नाही व जो अपेक्षेपेक्षा फार अधिक वेळा बदलला, ते दोन्ही संशयास्पद समजावेत.
(६) जुन्या व नव्या फाइलीतील ओळींची संख्या सारखी आहे हे पाहावे, आणि बदललेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढून डोळ्यांखालून घालाव्यात.

वर्गातील उपक्रम

ही कल्पना मुलांनाही संगणकावाचून शिकविता येते. फळ्यावर लिहावे : ‘रामाने आंबा, गंगूने पेरू व सदूने केळे खाल्ले.’ मग तीन नियम सांगावेत : आंब्याच्या जागी पेरू, पेरूच्या जागी केळे, केळ्याच्या जागी आंबा. पहिल्या गटातील तीन मुलांनी एकामागून एक येऊन आपापला नियम संपूर्ण वाक्यास लावावा. शेवटी तिघांच्याही हाती आंबाच येतो. दुसऱ्या गटातील एका मुलाने तिन्ही नियम हाती धरून मूळ वाक्य एकदाच वाचावे व खाली नवे वाक्य लिहीत जावे. रामास पेरू, गंगूस केळे व सदूस आंबा मिळतो. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून फरक का पडला, हे मुलांनाच सांगू द्यावे. त्यानंतर तिसऱ्या गटास ‘आंबेकर’ हे आडनाव असलेले एक वाक्य द्यावे, आणि ‘आंबे’च्या जागी ‘पेरू’ असा नियम सांगून त्या आडनावाचे काय करावयाचे, हे ठरविण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे.